डोंगर उक्ता विकला, पऱ्या फुकट गेला

दिवाळी आटोपली, भाताची झोडणी झाली, रस्ते वाळले, की आपल्या चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूरकडच्या आडरस्त्यांना ओल्या लाकडाचा वास येऊ लागतो. वळणावळणावर ओंडक्यांचे चट्टे लागतात. अंधार पडल्यावर ट्रक हलतात आणि घाट चढून वर जातात. आपण एसटीची वाट बघत उभे असतो. एक ट्रक जातो, मागून दुसरा जातो. कोणीतरी विचारतो, "आज कुणाचा डोंगर?" दुसरा नाव सांगतो. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. वाटलेच पाहिजे असा माझाही आग्रह नाही. ज्याचे झाड त्याने ते विकले, चोरी तर केली नाही. पण व्यवहार आहे तर त्याचा हिशेब पुरा मांडायला हवा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

जंगलतोडीचा विषय निघाला की आपण दोन नावे घेतो. एक वनखात्याचे आणि दुसरे बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याचे. गडचिरोली, नंदुरबारकडे वनखात्याचे नाव घेणे समजू शकते, कारण तिथले जंगल सरकारी. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडे. जुन्या खोती पद्धतीमुळे इथले डोंगर खोतांच्या आणि पुढे कुळांच्या नावावर राहिले. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, जमीन कसणाऱ्यांकडे आली, आणि डोंगरही आपल्याकडे आला. म्हणजे आपल्याकडच्या जंगलाचा मालक शोधायचा तर वनभवनात जाण्याचे कारण नाही, तलाठ्याच्या दप्तरात सातबारा उघडला की पुरे. त्यावर तुमचे नाव आहे, माझेही आहे.

माझेच सांगतो. १९९४ साली आमच्या भावकीने डोंगर दिला. मोजून नव्हे, उक्ता. व्यापारी एक दिवस आला, पायवाटेने वर जाऊन आला, हातातल्या काठीने दोन-चार ऐनांची साल ठोकली आणि खाली येऊन पडवीत बसला. चहा होईपर्यंत एकवीस हजारांवर सौदा झाला. सहाशे रुपये देवाच्या नावाने बाजूला काढले, उरलेले सतरा घरांत वाटले. घरटी बाराशे. आमच्या वाट्याच्या बाराशेत वडिलांनी घराचा मागचा वासा बदलला आणि नळे फिरवले. वासा त्याच डोंगरावरच्या किंजळाचा होता, तो व्यापाऱ्याकडून परत विकत घेतला. तेव्हा आम्ही हसलो होतो.

त्या डोंगराच्या कुशीतून एक पऱ्या येतो. आजोबांनी त्याला बांध घालून चार गुंठे वायंगण केले होते. होळी झाली तरी पाणी वाहायचे, शिमग्याची पालखी आली की मुले त्यात पाय धुऊन घ्यायची. तोड झाली त्याच्या पुढच्याच वर्षी पौषात पऱ्या थांबला. तिसऱ्या वर्षापासून वायंगण बंद पडले. बायकांना वाडीखालच्या विहिरीवरून दोन खेपा जास्त घालाव्या लागू लागल्या. या खेपांची किंमत त्या एकवीस हजारांत कोणी धरली नव्हती. व्यापाऱ्याने तर धरायचे कारणच नव्हते. पण आम्हीही धरली नाही.

आता आमच्या भावकीत माणसे वाईट होती म्हणून असे झाले का? मुळीच नाही. डोंगर का विकला जातो ते नीट बघा. आपल्याकडे वरकस जमिनीच्या एका सातबाऱ्यावर वीस, तीस, चाळीस नावे असतात. निम्मे लोक मुंबईत, काही सुरतेला, काहींचा पत्ताच नाही. त्या जमिनीची वाटणी होत नाही, कारण सर्वांच्या सह्या एका दिवशी मिळत नाहीत. त्यावर कर्ज मिळत नाही. एकट्याने लागवड केली तर उद्या दुसरा वाटेकरी उभा राहील ही भीती. मग त्या जमिनीतून प्रत्येकाला काहीतरी मिळण्याचा एकच मार्ग उरतो. झाडे विकायची आणि नोटा वाटायच्या. जमिनीची वाटणी वर्षानुवर्षे अडते, नोटांची तासाभरात होते. सामाईक मालकीचा हा तिढा आपल्याकडच्या जंगलतोडीचे सर्वांत मोठे कारण आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि एवढी भाषणे ऐकली, त्यात कुणी हा शब्द काढलेला मला आठवत नाही.

त्यात निकड असते. मुलीचे लग्न असते, मुलाची इंजिनीअरिंगची फी असते, कोणाचे ऑपरेशन असते. व्यापारी रोख देतो आणि आगाऊ देतो. बँक कागद मागते. अशा वेळी "झाडे वाचवा" म्हणून भिंतीवर रंगवलेल्या पाटीचा काय उपयोग?

बरे, तोडीची सुरुवातही काही आपण केली नाही. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे धावली, पुढे देशभर रूळ पसरले, त्यांच्याखाली लाकडी स्लीपर गेले. मुंबई वाढली तसे तिच्या चुलींना कोकणातून जळण आणि कोळसा जाऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या, तो कोळसाही कुठल्यातरी रानातूनच आला. आपल्या घरच्या गरजा होत्याच. तरव्याची भाजावळ करायची तर कवळ हवे. त्यासाठी दरवर्षी ऐन-किंजळाच्या फांद्या उतरवल्या गेल्या आणि झाडांचे नुसते खांब राहिले. पण एक फरक ध्यानात घ्या. कवळ तोडणारा माणूस झाड मारत नव्हता, कारण पुढच्या साली त्याला त्याच झाडाकडे यायचे होते. आंब्याच्या लाकडी पेट्यांचे मात्र तसे नव्हते. आपला हापूस वर्षानुवर्षे वाशीला गेला तो आपल्याच डोंगरातल्या फळ्यांत बसून. पुठ्ठ्याची खोकी आली हे बरे झाले.

आणखी एका कारणाबद्दल बोलले तर काहीजण रागावतील. १९९० पासून रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली. तिने कोकणातल्या अनेक घरांत पहिल्यांदा बागेचा पैसा आणला. हे मी नाकारत नाही, माझीही काजूची कलमे त्यातलीच आहेत. पण कलमे लावायची कुठे? कातळावर सुरुंग लावून खड्डे करण्यापेक्षा डोंगराचा मऊ उतार सोपा. तिथे उभे असलेले रान आधी साफ झाले आणि मग कलम लागले. पुढे जेसीबी आला आणि उताराला पायऱ्या पडल्या. आंबा, काजू ही झाडे आहेतच. पण कलमांच्या बागेत खालचा पाचोळा झाडून जाळतात, गवत काढतात, तणनाशक मारतात. जमिनीच्या दृष्टीने पाहिले तर वर छत्री आहे आणि खाली अंग उघडे आहे. डोंगराचा माथा आणि पऱ्याचे काठ तेवढे सोडून बाग केली असती तर आज अर्धी तक्रार उरली नसती.

गंमत अशी की हे नुकसान कागदावर दिसत नाही. भारतीय वन सर्वेक्षण विभाग उपग्रहाच्या चित्रांवरून वनाच्छादन मोजतो. त्याची व्याख्या अशी : जागा एक हेक्टर किंवा अधिक असावी आणि झाडांचे छत्र दहा टक्के किंवा अधिक असावे. मग मालक कोण, झाड कोणते, हे बघत नाहीत. म्हणजे ऐन, किंजळ, हेद, बिबळा, जांभूळ, बेहडा यांचे रान तोडून तिथे काजू लावला, तो वाढला, की अहवालात पुन्हा वनच. मंत्रिमहोदय विधानसभेत आकडा सांगतात तो खोटा नसतो. त्या आकड्यात काजूही असतो एवढेच.

आता परिणामांकडे येऊ. आधी एक गैरसमज दूर करतो. "झाडे तोडली म्हणून पाऊस गेला" असे आपण सरसकट म्हणतो. निदान कोकणापुरते हे तितकेसे खरे नाही. आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो आणि सह्याद्रीला धडकून पडतो. आमचा डोंगर बोडका झाला म्हणून आमच्या वाडीवरचा पाऊस त्या साली थांबला नाही. आजही आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मराठवाड्याला त्याच्या चौथाईच्या आसपास मिळतो. तरीही एप्रिल-मे महिन्यात आपल्या वाड्यांवर टँकर येतो. बदलला आहे तो पाऊस जमिनीवर पडल्यानंतरचा त्याचा प्रवास.

उभ्या रानात पावसाचा थेंब आधी पानावर पडतो, मग फांदीवर, मग पाचोळ्यावर. पाचोळ्याखालची माती मुळांनी आणि वाळव्या-गांडुळांनी पोखरलेली असते. पाणी तिच्यात जिरते, जांभ्याच्या भेगांतून खाली उतरते आणि पुढे सहा-आठ महिने पऱ्याला आणि विहिरीला थोडे थोडे सुटत राहते. उघड्या उतारावर तोच थेंब थेट मातीवर आपटतो. माती दबते, वर पापुद्रा धरतो, आणि पाणी चिखल घेऊन पळत सुटते. तेच पाणी जुलैत नदीचा पूर होते आणि मार्चमध्ये विहिरीत नसते. म्हणून पुराची तक्रार आणि टँकरची मागणी एकाच गावातून जाते. ग्रामसेवक मंडळींनी आपल्या आवक-जावक वहीत एकदा बघावे.

इथे जाणकार वाचक आडवा प्रश्न विचारील, आणि तो बरोबर आहे : झाडेही पाणी पितात ना? पितात. दाट लावलेली निलगिरी विहिरीचे पाणी वाढवील असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. सामाजिक वनीकरणात आपल्याकडे ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. ती वाढली, तिच्याखाली गवतही नीट येत नाही. नुसते झाड असून भागत नाही, पाचोळा कुजून मऊ झालेली जमीन हवी, आणि ती तयार व्हायला वर्षे लागतात. खड्डे किती आणि रोपे किती या आकड्यांनी ती होत नाही.

झाडाने प्यालेले पाणी वायाही जात नाही. पानांतून ते वाफ होऊन हवेत जाते. ही वाफ निघताना भोवतालची उष्णता ओढून घेते. मे महिन्यात देवराईत शिरलात की अंगावर गारवा येतो तो सावलीइतकाच या वाफेचाही असतो. रान गेले की हा पंखा बंद होतो, आणि तीच उष्णता जमीन तापवते. ती वाफ वाऱ्याबरोबर जाते कुठे? मुंबईच्या आयआयटीमधील शास्त्रज्ञांनी हे तपासले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाप्रमाणे पश्चिम घाटातल्या जंगलांची ही वाफ तामिळनाडूच्या नैर्ऋत्य मोसमी पावसाला सरासरी चौथा हिस्सा किंवा थोडा जास्त ओलावा पुरवते, आणि तुटीच्या वर्षी हे प्रमाण चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. त्याआधी २०१६ मध्ये त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवले होते की देशात जंगलाच्या जागी शेती आल्याने हवेत जाणारी वाफ घटली आणि मोसमी पाऊस दुबळा होण्याला तेही एक कारण झाले. म्हणजे सह्याद्रीवरच्या कुऱ्हाडीचा घाव शेकडो कोस पलीकडच्या भातशेतीला लागतो. तिथल्या शेतकऱ्याला आपले नावही माहीत नाही.

जगाच्या हवामानाचा हिशेब आणखी वेगळा. तोही घरगुती रीतीने करून बघू. एका ट्रकमध्ये दहा टन ओले लाकूड आहे असे धरा. त्यात साधारण निम्मे पाणी. उरले पाच टन सुके लाकूड. सुक्या लाकडाचा निम्मा भाग कर्ब, म्हणजे अडीच टन. ते भट्टीत किंवा बॉयलरमध्ये जळले की त्या कर्बाला हवेतला प्राणवायू चिकटतो आणि वजन साडेतीन पटीहून जास्त होते. म्हणजे एका ट्रकमागे नऊ टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. तोडलेल्या जागी पुन्हा रान वाढू दिले तर तो हळूहळू परत ओढला जातो. वणवा लावला, जेसीबी फिरवला किंवा प्लॉट पाडले, तर गेला तो गेला. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरशासकीय समितीच्या २०१९ च्या अहवालात म्हटले आहे की माणसाने हवेत सोडलेल्या उष्णता धरणाऱ्या वायूंपैकी सुमारे २३ टक्के शेती, जंगलतोड आणि जमिनीच्या इतर वापरातून आले. हा हिशेब २००७ ते २०१६ या दहा वर्षांचा आहे. बाकीचा मोठा वाटा कोळसा, पेट्रोल-डिझेल आणि कारखान्यांचा. तेव्हा सगळे पाप आपल्या कुऱ्हाडीच्या माथी मारायला मी निघालेलो नाही. अमेरिकेतल्या माणसाच्या एका मोटारीसाठी आमच्या वाडीने किती वर्षे चूल बंद ठेवायची, हा प्रश्न कोणी विचारला तर मला उत्तर देता येणार नाही.

पण वायू कुणीही सोडो, भोग आपल्या दारात येतो. अरबी समुद्र तापला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, एकाच वेळी विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आले, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याने गेले, आणि त्याच साली २२ जुलैचा दिवस उजाडला. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. चिपळूण बाजारपेठ बुडाली. महाडजवळचे तळिये गाडले गेले, खेड तालुक्यात पोसरेची बौद्धवाडी गाडली गेली. एवढा पाऊस दाट रानालाही सोसवला नसता असे कोणी म्हणेल. काही ठिकाणी ते खरेही असेल. प्रत्येक दरडीचे खापर तोडीवर फोडणे बरे नव्हे. तरी एक गोष्ट डोंगरात राहणाऱ्याने माहीत करून घ्यावी. झाड तोडले की त्याची मुळे लगेच मरत नाहीत. फुटवा आला तर काही जगतात. पण फुटवा गुरांनी खाल्ला किंवा वणव्यात जळला, तर मुळे काही वर्षांत कुजतात आणि मातीला धरून ठेवणारे दोर तुटतात. म्हणजे तोड झालेल्या साली उतार बहुधा ठीक दिसतो. धोका पुढच्या काही वर्षांत वाढत जातो, आणि तोवर ट्रक, व्यापारी, बाराशे रुपये, सगळे विसरलेले असते. त्यात उतारात रस्त्यासाठी किंवा बागेसाठी खोल काप घेतला असेल तर विचारूच नका.

चिपळूणकरांनी त्या डिसेंबरात वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषण केले. मागणी रास्त होती, गाळ काढायला सुरुवातही झाली. पण नदीत गाळ येतो कुठून? धुपलेल्या उतारांवरून. दरवर्षी वरून गाळ सोडायचा आणि खालून पोकलेनने उपसायचा, हा धंदा सरकारच्या तिजोरीला किती साली परवडेल?

वानर आणि रानडुक्कर हा तर ग्रामसभेतला रोजचा विषय झाला आहे. भाजी करता येत नाही, नारळ हाती लागत नाही. कितीजणांनी शेती सोडली ती याच कारणाने. त्याला आपण टाकलेली पड जमीन, माजलेले गवत आणि वाडीतला उकिरडा हीही कारणे आहेत. पण रानातला उंबर, जांभूळ, आसाणा, भेरली माड आपण तोडला असेल तर वानराने जायचे कुठे? त्याला पिंजऱ्यात धरून दुसऱ्या तालुक्यात सोडा अशी मागणी करतो तेव्हा त्या तालुक्यातला शेतकरीही तीच मागणी करत असतो, हे विसरू नये.

मग कायदा काय करतो? १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. त्यात आंबा, फणस, हिरडा, साग, मोह, चिंच, खैर, चंदन, ऐन, किंजळ, जांभूळ अशी सोळा प्रकारची झाडे आहेत. ती तोडायला परवानगी लागते. विनापरवाना तोडीला दंड होता हजार रुपयांपर्यंत. ट्रकचा एका फेरीचा डिझेल खर्चही याहून जास्त. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा दंड पन्नास हजारांवर नेण्याचे ठरवले, तेव्हा कोकणातून मोठी ओरड झाली. ओरडणाऱ्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. घरावर कलंडलेला फणस तोडणारी म्हातारी आणि पाच एकर डोंगर साफ करणारा ठेकेदार यांना एकाच मापाने मोजणारा कायदा गावात मान मिळवू शकत नाही. हजाराच्या दंडाला कोणी भीत नाही, आणि पन्नास हजारांची भीती गरिबालाच आधी वाटते. दुसरे असे की झाड राखणाऱ्याला कायदा काहीच देत नाही. तोडणाऱ्याला दंड आणि राखणाऱ्याला नमस्कार, एवढ्यावर जंगल उभे राहील काय?

पश्चिम घाटाचा कागदी इतिहासही असाच. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये दिला. २०१४ पासून केंद्राने संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यावर मसुदे काढले, जुलै २०२४ मध्ये सहावा निघाला. महाराष्ट्रातली दोन हजारांवर गावे त्यात आहेत. गाडगीळांचा आग्रह होता की निर्णय ग्रामसभांनी चर्चा करून घ्यावेत. गावात प्रत्यक्षात पोचली ती अफवा : घराला कौल बदलता येणार नाही, गोठा बांधता येणार नाही. काही ठिकाणी मसुदा येण्याच्या आधीच झाडे काढून घ्या असा सल्ला देणारेही निघाले. सल्ला देणारे कोण होते हे तुम्हाला सांगायला नको.

यावर काही करता येण्यासारखे आहे की नाही? माझ्या अल्पमतीप्रमाणे आहे, आणि त्यातले बरेचसे सरकारला न विचारता होण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सगळा डोंगर राखा असे कोणी सांगत नाही. गरज आहे तिथे विक्री करा. पण माथ्याचा तिसरा हिस्सा आणि पऱ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा सौद्यातून बाहेर ठेवा, आणि तसे व्यापाऱ्याच्या कागदावर लिहून घ्या. उक्ता सौदा करूच नका. झाडे मोजून, खुणा करून द्या. जी झाडे मोजता येतात ती राखताही येतात. तोडीनंतर निदान पाच-सात वर्षे तिथे गुरे आणि वणवा येऊ देऊ नका. आपल्याकडचा ऐन-किंजळ मोठा जिवट आहे, त्याला कोणी लावावे लागत नाही. बुंध्याला फुटवा येतो, त्यातले दोन जोमदार ठेवून बाकीचे काढले की दहा-पंधरा वर्षांत रान उभे राहते. रोप आणा, खड्डा मारा, फोटो काढा, यातले काही करावे लागत नाही. म्हणून कदाचित या कामाचे उद्घाटनही होत नसावे.

वणव्याचे काम सरपंचांनी मनावर घ्यावे. माघ संपायच्या आत गावाच्या डोंगराला जाळरेषा काढल्या तर निम्मे वणवे जागीच थांबतात. ते वणवे लागतात कसे हे सर्वांना ठाऊक असते : विडी, शिकार, बांधाचे गवत जाळताना सुटलेली आग, आणि कधीकधी मुद्दाम. पोलीसपाटलांना त्याची माहिती नसते असे मानायला मी तयार नाही.

जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आहे आणि लोकांची नोंदवही आहे. किती गावांत ती वही कपाटातून बाहेर निघते? देवराईतली जुनी झाडे, बारमाही झरे, बेहड्याची मोठी झाडे, यांची निदान यादी तरी तिच्यात असावी. बेहड्याचे नाव मुद्दाम घेतले. आपल्याच संगमेश्वर तालुक्यात देवरुखच्या बाजूला एईआरएफ नावाच्या संस्थेने खासगी जंगलमालकांशी करार केले : ठरावीक वर्षे तोड करायची नाही आणि त्याबद्दल मोबदला घ्यायचा. बेहड्याची फळे रीतीने गोळा करून प्रमाणित माल म्हणून औषधी कंपन्यांना विकण्याचा मार्गही तिथे उघडला. त्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटे करतो. हा प्रयोग लहान आहे, सगळ्या जिल्ह्याला पुरणारा नाही. पण झाड उभे ठेवूनही सातबाऱ्यावरच्या नावांना पैसा वाटता येतो हे त्यातून दिसले. चिपळूणच्या पुरापायी जो पैसा खर्च होतो त्यातला अल्पसा भाग वरच्या डोंगरमालकांना रान राखण्यासाठी दरसाल देणे जिल्हा नियोजन समितीला अशक्य आहे काय? आमदारांनी हा प्रश्न विचारावा. ते विचारत नसतील तर आपण त्यांना विचारावा.

आमच्या डोंगराचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. १९९४ नंतर दोनदा वणवा लागला, पण मधल्या काळात वाडीतली गुरे कमी झाली आणि फुटव्याला उसंत मिळाली. आज तीस वर्षांनी ऐन पुन्हा कवेत मावेनासा झाला आहे. आणि गेली चार-पाच वर्षे पऱ्या पौषात न थांबता महाशिवरात्रीपर्यंत वाहतो. होळीपर्यंत नाही, पण महाशिवरात्रीपर्यंत. वायंगण नाही, पण बांधाखाली थोडी पालेभाजी होते.

यंदा गणपतीत व्यापारी पुन्हा येऊन गेला. त्याच व्यापाऱ्याचा मुलगा. साडेचार लाख म्हणतो. सातबाऱ्यावर आता एकेचाळीस नावे आहेत, म्हणजे नावाला अकरा हजारांच्या आत. मुंबईच्या तिघांनी फोनवर होकार कळवला आहे. दोघे "गावचे ठरवतील ते" म्हणतात. एकाच्या घरात आजारपण आहे, त्याला पैसे खरेच हवे आहेत, आणि त्याला नको म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्याचा वाटा इतरांनी वर्गणी काढून आगाऊ द्यावा आणि निदान माथा आणि पऱ्याचा काठ सौद्यातून सोडवावा, अशी सूचना मी मांडली आहे. वर्गणीची वही चुलतभावाकडे दिली आहे. आजपर्यंत तिच्यात नऊ नावे पडली आहेत. शिमग्याला सगळे गावी येतील तेव्हा भावकी बसेल.

तुमच्या वाडीतही शिमग्याला भावकी बसत असेल.